खोललेलं इंजिन

अंधेरी (पूर्व), ८ जानेवारी १९७३

चि. ॲम्ब्रोज,

तुझा बहारीनचा पत्ता मी चर्चमधल्या फादरांकडून घेतला. ग्रेसकडे मागितला असता तर तिनं 'कशाला?' म्हणून विचारलं असतं आणि मला काहीतरी रचून सांगावं लागलं असतं. तेव्हा हे पत्र तुझ्या बायकोला न सांगता लिहितो आहे, एवढं आधीच लक्षात घे.

मी बरा आहे. शाळा सुटून पुष्कळ वर्षं झाली, पण सकाळी अकराच्या सुमाराला अजून घसा आपोआप साफ होतो. तो तुमच्या वर्गाचा कवितेचा तास. खिडकीबाहेर ताडाची झाडं, फळ्यावर खडूनं काढलेले लघु-गुरू, आणि तू मागच्या बाकावर. तुला एक कडवं कधी धड पाठ झालं नाही. पण मी भुजंगप्रयात म्हणून दाखवला की तुझं बोट बाकावर त्याचे ठोके बिनचूक वाजवायचं. पुढे इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तू कुठला सिलिंडर चुकतोय ते सांगायला लागलास, तेव्हा बाकीच्यांना नवल वाटलं, मला नाही.

आता कामाचं. मरोळ नाका ते साकीनाका रस्ता रुंद होणार हे नक्की झालं. कडेची सगळी गॅरेजेस उठणार. त्यात तुमचंही आलं, म्हणजे तुझ्या वडिलांनी काढलेलं आणि तू गेल्यापासून ग्रेस चालवते ते. बदल्यात साकीनाक्याच्या मागच्या अंगाला गाळे मिळतील, पण फक्त गॅरेजवाल्यांच्या संघाच्या सभासदांना. पालिकेला एकेका माणसाशी बोलायचं नाही, संघाशी बोलायचं आहे. आणि तुमचं गॅरेज सभासद नाही. ६९ साली संघानं तुझं नाव काढलं आणि तू बहारीनला गेलास. ते कळवणारं पत्र माझ्या अक्षरात होतं. संघाची सगळी पत्रं माझ्याच अक्षरात असतात. गॅरेजवाल्यांनी मला कार्यवाह केलं ते त्यासाठीच.

परवा वॉर्ड ऑफिसात एका तरुण साहेबाला हा प्रकार समजावून सांगत होतो. तो म्हणाला, "मास्तर, या रांगेत एकच माणूस सभासद नाही. काय केलं त्यानं? चोरी?"

"नाही. दुसऱ्यानं खोललेलं इंजिन बांधलं."

"वाईट बांधलं?"

"उत्तम बांधलं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्ची ओढून बसलोच. सांगितलं त्याला सगळं. पूर्वी आमच्याकडे गिऱ्हाईक एका गॅरेजात इंजिन खोलून घ्यायचं, दोष काय तो कळला की 'विचार करून सांगतो' म्हणायचं आणि गाडी ढकलत शेजारी न्यायचं. शेजारचा दुरुस्त करून स्वस्तात बांधून द्यायचा. पहिल्याची खोलायची मेहनत फुकट. मग शिव्या, मग स्पॅनर, मग टाके. संघ निघाला तोच याच्यासाठी. पहिला नियम, ज्यानं इंजिन खोललं त्यानंच ते बांधायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा तर त्याला विचारून. बाकीचे नियम नंतर आले, ते कुणी पाळत नाही.

"मग या माणसानं का मोडला?" साहेबानं विचारलं.

"टॅक्सी साकीनाक्याच्या चंदूनं खोललेली. चंदू काविळीनं हॉस्पिटलात पडला. टॅक्सीवाल्याची रोजी बंद. तो रोज ॲम्ब्रोजच्या दारात येऊन डोळे पुसायचा."

"मग बरोबरच केलं की त्यानं!"

"ॲम्ब्रोजही हेच म्हणाला. फक्त चंदूला विचारायला गेला नाही. हॉस्पिटल तिथून दोन बसस्टॉपवर होतं."

साहेबानं माझा अर्ज पुढे ओढला. तो वाचून म्हणाला, "मास्तर, हा अर्ज आहे की काव्य?" मी ते कौतुक समजून घेतलं.

मिटवायची रीत तुला माहीत आहे. ज्याचं बांधलंस, त्याच्या दारात तुझ्या गॅरेजातलं, तुझ्या हातानं खोललेलं एक इंजिन नेऊन ठेवायचं. त्यानं ते बांधलं की विषय संपला. तोंडानं काही बोलायचीसुद्धा गरज नाही. ईस्टरला रजा घेऊन ये. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुझा,
शिवदास राऊत


अंधेरी (पूर्व), १९ फेब्रुवारी १९७३

चि. ॲम्ब्रोज,

उत्तर नाही. टपाल हरवलं असेल असं धरून चालतो.

काल चंदूकडे गेलो होतो. कावीळ उतरली तरी डोळ्यांत तो पिवळेपणा राहिला आहे, किंवा मला तसं वाटतं. गाडीखालूनच बोलत होता. फक्त पाय दिसत होते. पायांशी बोलायची मला आता सवय झाली आहे.

"मास्तर, मला गाळ्याचं काय पडलंय? मला तर मिळतोयच. तो आला, दारात इंजिन ठेवलं, मी बांधलं, दोघांनी चहा मारला, खल्लास. पण तिकडून पोस्टानं माफी पाठवणार असेल तर सांगा त्याला, तिकीट फुकट जाईल."

"ग्रेसकडे बघून तरी..."

"वहिनीशी माझं काय भांडण? तिनं तर त्याला तेव्हाच सांगितलं होतं, चंदूला जाऊन विचार म्हणून. ऐकलं का त्यानं? उलट तिच्याशीच बोलणं टाकलं. आणि मास्तर, तुम्ही सरका जरा, ऑइल उडेल. धोतराची वाट लागेल."

अध्यक्ष अनंतरावांनी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सभा ठेवली आहे. त्या दिवशी जे सभासद असतील तेवढीच नावं पालिकेकडे जातील. त्यानंतर कुणाचं काही चालणार नाही.

ये.

शिवदास राऊत


अंधेरी (पूर्व), २ एप्रिल १९७३

चि. ॲम्ब्रोज,

पत्र पोचलं. चार ओळींचं आहे, पण स्पष्ट आहे. तू येणार नाहीस. चंदूपुढे वाकणार नाहीस. ग्रेसनं सगळं सामान लहूला विकून टाकावं, गॅरेजला कुलूप घालावं आणि वाटलं तर तिकडे यावं. 'वाटलं तर' हे शब्द तू अधोरेखित केले आहेस. ते का, हे मला कळलं नाही. तुला कळत असेल.

तुझा निरोप आता लपवता येणार नव्हता. मी मरोळला गेलो. दुपारची वेळ. रस्त्यापलीकडच्या शेतातली भाजी काढून झाली होती, वाफे उघडे पडले होते. एके काळी त्या रस्त्यानं मी शाळेत चालत जायचो तेव्हा पहाटे भाजीच्या बैलगाड्या भेटायच्या. त्यांच्या चाकांनासुद्धा एक चाल असायची. असो. ग्रेस रॉकेलनं हात धूत होती. तुमचा मेकॅनिक लहू एका फियाटच्या पोटात डोकं घालून उभा होता आणि ऐकत नसल्याचं दाखवत होता.

"सर, त्याचा कागद आयला ना?" तिनं मला बघितल्याबरोबर विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुमी कागदाची बॅग घेऊन आयला म्हंजे काय तरी वाचून दाखवायचा असेल."

वाचून दाखवलं. तिनं हात पुसले.

"सामान विक बोलतो? कोनाचा सामान?"

मी पत्राची घडी घातली.

"त्याच्या पप्पानी मरायच्या आदी चावी कोनाच्या हातात दिली, इचारा त्याला. तो बसला होता समोर. पप्पानी चावी मना दिली. त्याला तवा पन राग आयला होता." मग लहूकडे वळून, "ए लहू, तुना घ्यायचा हाय का सगला सामान?"

फियाटच्या पोटातून आवाज आला, "मला? वहिनी, माझ्या खोलीत मला झोपायला जागा नाही. तिथं जॅक ठेवू?"

ती हसली. तुझ्या पत्रावर हसली असं समजू नकोस, लहूवर हसली. मग माझ्यासमोर पत्र्याच्या डब्यावर बसली आणि वर्गातल्या मुलीसारखी सरळ बसून म्हणाली, "सर, तो नियम काय हाय? हात त्याचाच पायजे?"

"गॅरेजवाल्यानं स्वतःच्या हातानं खोललेलं इंजिन, असं आहे."

"मंग आता गॅरेजवाला कोन हाय?"

लहूचं डोकं फियाटबाहेर आलं. व्याकरणात कर्ता कोण हे मी हजारो मुलांना विचारलं असेल, पण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, घरी जाऊन नियम वाचतो.

वाचला. तुझं नाव त्यात नाही. असायचं कारणही नाही.

निघताना तिची नजर कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे गेलेली मी पाहिली. तुझी हिरवी लँडमास्टर मोटार. तिला कुणी हात लावायचा नाही, असं तू जाताना सगळ्यांदेखत बजावलं होतंस. मी त्याबद्दल काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. तूही यातून काही अर्थ काढू नकोस.

शिवदास राऊत


अंधेरी (पूर्व), २१ मे १९७३

चि. ॲम्ब्रोज,

मधल्या काळात तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही, कारण जे घडत होतं ते कळवलं असतं तर तू तार करून थांबवलं असतंस. आता घडून गेलं आहे, तेव्हा क्रमानं सांगतो.

१३ तारखेला, रविवारी, सभा चंदूच्या गॅरेजातच होती. चर्चमध्ये मास सुटल्यावर म्हणजे सगळ्यांना सोयीचं. लाकडी खोकी उलटी करून मंडळी बसली होती. अनंतरावांनी नावं वाचायला सुरुवात केली तोच रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर तुझी लँडमास्टर ढकलत आणताहेत. मागून लहू आणि गावठाणातले चारपाच जण, स्टिअरिंगवर ग्रेस, मासला जायच्या कपड्यांत. बॉनेट काढलेलं. मागच्या सीटवर इंजिनाचं हेड, ते वरचं लोखंडी झाकण, जुन्या चादरीत गुंडाळून. तिनं गाडी चंदूच्या उंबरठ्याला नेऊन लावली, उतरली, आणि काही न बोलता बाजूला उभी राहिली.

पहिले अनंतराव बोलले.

"ग्रेसबाई, नियम स्वतःच्या हाताचा आहे. तुम्ही कधी स्पॅनर धरलेला कुणी पाहिलाय? हे लहूचं काम दिसतंय."

"देवाशपथ नाही!" लहू ओरडला. "दोन दिवस मला बाहेर बसवलंन. आत बघू पण दिलं नाही."

"तू तिचा माणूस. तू दुसरं काय सांगणार?"

"मी कोणाचा माणूस नाही, अनंतराव. मी पगाराचा माणूस आहे."

हशा झाला, पण संशय गेला नाही. एक जण म्हणाला, बायकांनी खोललेलं चालतं का ते आधी ठरवा. दुसरा म्हणाला, चालत नाही असं कुठं लिहिलंय, मास्तर सांगतील. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. ग्रेस सगळ्यांची तोंडं बघत होती. तिच्या बोटांना दोन ठिकाणी पट्ट्या होत्या. तिनं त्या कुणाला दाखवल्या नाहीत आणि मीही त्यांच्याकडे कुणाचं लक्ष वेधलं नाही. दाखवायच्या असत्या तर तिनंच दाखवल्या असत्या.

मग चंदू उठला, इंजिनात डोकावला, नाक खुपसून वास घेतला, आणि स्पॅनर घेऊन गाडीखाली गेला. परत नुसते पाय. "परात द्या कुणीतरी," पाय म्हणाले. लहूनं परात सरकवली. चंदूनं ऑइल सोडायचा बोल्ट काढला.

परातीत आधी पाणी पडलं. चांगलं तांब्याभर. ऑइल त्याच्या मागून आलं.

चंदू बाहेर आला तो हसत होता की चिडला होता ते कळेना. "वहिनी! हेड काढायच्या आधी रेडिएटरचं पाणी सोडलं नाहीस?"

"सोडायचा असते?" ग्रेस म्हणाली.

"असते! सगळं पाणी आत गेलं ना! ऑइलची खिचडी केलीस! वाट लावलीस इंजिनाची!"

"मना कोनी सांगला नाय. घालायचा असते एवढाच ठाऊक." तिचा चेहरा लाल झाला. "दर रविवारी मीच घालते."

तेव्हा सगळ्यांना कळलं, की एवढी वर्षं ती ताडपत्रीखालची गाडी दर रविवारी चालू करून बंद केली जात होती. मला ते आधीपासून ठाऊक होतं. तुला कळवायचं नाही असं तिनं सांगितलं होतं. आता सगळ्या साकीनाक्याला ठाऊक आहे, तेव्हा कळवायला हरकत नाही.

चंदू सभेकडे वळला. "बोला आता. लहू माझ्या बरोबरीनं या लायनीत आहे. पाणी न सोडता तो हेड काढेल? दारू पिऊन काढेल का? हे हिनंच खोललंय. दुसरा कोणी इतकं वाईट खोलूच शकत नाही!"

मंडळी खोक्यांवरून पडायच्या बेताला आली. अनंतरावसुद्धा हसले. ग्रेस हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. चंदू तिला म्हणाला, "ॲम्ब्रोजनं खोललं असतं तर अर्ध्या दिवसात बांधून दिलं असतं. तुझ्या पायी माझे तीन दिवस गेले. जा, आता चहा तरी पाज."

हात वर झाले. कार्यवाहाला मत नसतं. माझाही हात वर गेला होता असं अनंतराव म्हणतात. मला तसं आठवत नाही.

गुरुवारी गाडी चालू झाली. मी मुद्दाम गेलो होतो. पहिल्यांदा ठोका अडखळत होता, तिसऱ्या-चौथ्या जागी एक मात्रा कमी पडावी तसा. चंदूनं स्क्रू फिरवला आणि चरण पुरा झाला. ग्रेसनं विचारलं, "बांधला ना? आता संपला?" चंदू म्हणाला, "संपलं." दोघांनी चहा घेतला. मला बशीतून दिला.

सभासदत्व ग्रेसच्या नावावर झालं आहे. तुझं नाव काढलेलं आहे ते तसंच राहील. त्यासाठी वेगळं इंजिन लागेल.

शिवदास राऊत


अंधेरी (पूर्व), १४ जानेवारी १९७४

चि. ॲम्ब्रोज,

तुझं पत्र संघाच्या नावानं आलं, म्हणून संघाचा कार्यवाह या नात्यानं उत्तर देतो.

गाळ्यांचा ताबा गेल्या महिन्यात मिळाला. पेट्रोल इतकं महागलं आहे की लोक गाड्या कमी काढतात. काढली की ती बंद पडू नये म्हणून दुरुस्त मात्र करून घेतात. त्यामुळे काम आहे. जुन्या रस्त्यावरची गॅरेजेस पाडून झाली. तुमच्याही भिंती गेल्या. ग्रेस पाडताना बघायला गेली नाही. मी गेलो होतो. पाडणाऱ्यांनी ताडपत्री मागितली, ती लहूनं दिली नाही.

तू लिहितोस, की गॅरेज तुझ्या वडिलांचं, तेव्हा गाळा तुझ्या नावावर करून घ्यावा. मार्चअखेर तू कायमचा परत येतो आहेस. संघाच्या नियमाप्रमाणे गाळ्यावरचं नाव बदलायला सभासदाची संमती लागते. सभासद ग्रेस मिस्किटा. तिची संमती आहे किंवा नाही, हे संघाला माहीत नाही, कारण तिला कुणी विचारलेलं नाही.

हे झालं कार्यवाहाचं. आता तुझ्या मास्तरांचं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. मला आलेल्या पत्रांच्या तळाशी 'ग्रेसला सांगा' म्हणून तू जी एक ओळ लिहितोस, ती सांगायचंही मी बंद केलं आहे. ती ओळ ऐकताना ती हातातलं काम थांबवत नाही, पण काम चुकतं. गेल्या खेपेला एका डॉक्टरच्या गाडीचे चारही नट तिनं उलटे फिरवले. हो, हल्ली ती स्वतः हात घालते. चंदू येता-जाता शिकवतो, म्हणजे शिव्या घालतो. पाणी आधी सोडते.

कविता शिकवताना मी सांगायचो, की वृत्त जमलं नाही तर कडवं पुसून पहिल्या ओळीपासून सुरू करावं; मधल्या शब्दांत ठिगळं लावत बसू नये. तुम्हाला ते तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. मलाही आता थोडं वाटतं. पण खरं आहे.

नव्या जागेत काम वाढलं आहे आणि एकट्या लहूला ते झेपत नाही. संघाच्या फळ्यावर गेल्या सोमवारी तिची सूचना लागली: हुशार मेकॅनिक पाहिजे. मजकूर मीच लिहून दिला. तुझ्या येण्याचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. फादरांनी सांगितलं असेल, किंवा सांगायची गरज पडली नसेल. सूचनेखाली एक ओळ तिनं स्वतः सांगून घालून घेतली, तीही कळवतो. अर्ज मालकिणीच्या नावानं आणि स्वतःच्या अक्षरात करावा. मास्तरांच्या मार्फत आलेला अर्ज उघडला जाणार नाही.

शिवदास राऊत